दोऱ्याची वाट : मण्यांच्या टाक्यांविषयी

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात मण्यांचा एक पोशाख आहे. गिझाच्या एका थडग्यात १९२७ साली तो सापडला. काळ इजिप्तच्या चौथ्या राजवंशाचा, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. फायान्सचे, म्हणजे काचेसारखी झिलई असलेल्या भाजक्या द्रव्याचे सुमारे सात हजार मणी आणि त्यांची अंगभर उतरणारी जाळी. उत्खननात मणी मिळाले, दोरा मिळाला नाही. तो केव्हाच कुजून गेला होता. मात्र ममीच्या अंगावर थोडे मणी मूळ जागी, मूळ क्रमानं टिकले होते. दोरा कुठल्या मण्यातून निघून कुठल्या मण्याकडे वळला असेल, हे त्या थोड्या मण्यांवरून ताडता आलं आणि सगळा पोशाख पुन्हा ओवता आला.

आपल्याकडे नेवाशाला दोऱ्याचाच पुरावा हाती लागला. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अंश शिल्लक होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कुणीतरी त्या मुलासाठी दोरा वळला होता, मणी ओवले होते. अशा वेळी सगळ्यांची नजर मण्यांवर जाते. मला त्या दोऱ्याचं अप्रूप जास्त वाटतं.

या पुस्तकात कानातली आहेत, गळ्यातली आहेत, बांगड्या आणि अंगठ्याही आहेत. पण नमुन्याबरहुकूम दागिना करून घेणं एवढाच त्याचा हेतू नाही. सुई आणि बारीक काचमणी घेऊन, खाली कापड न ठेवता, मणी मण्याला जोडत जाण्याच्या काही पद्धती जगभर रूढ आहेत. त्यांना मी टाके म्हणते. प्रत्येक टाक्यात दोरा कसा फिरतो हे शिकणाऱ्याच्या हातात बसावं, यासाठी हे पुस्तक आहे. शिकवताना मी वारंवार पाहिलं आहे की व्हिडिओ थांबवत थांबवत एखादं सुंदर कानातलं करणाऱ्या मुलीला त्याच टाक्यात दोन मणी वाढवायला सांगितले की ती अडते. तिनं मणी मोजलेले असतात. दोऱ्याची वाट तिला कुणी दाखवलेली नसते. आणि ती वाट एकदा उमगली, तर नमुन्याचा कागद हरवला तरी काम थांबत नाही.

सगळे टाके एकाच प्रश्नातून निघतात. माळेत मण्याला दोनच शेजारी असतात, मागचा आणि पुढचा. माळेचा पट्टा करायचा, तर नव्या मण्याला खालच्या ओळीशीही नातं जोडावं लागतं. मग हा नवा मणी कुणाच्या आधारानं बसणार? दोन मण्यांमधल्या खाचेत बसेल, की दोन मण्यांना जोडणाऱ्या दोऱ्यात अडकेल? की चौघांच्या कड्यात एक बाजू होऊन राहील? एकटा येईल की जोडीनं? एवढे पर्याय आहेत आणि तेवढेच मुख्य टाके आहेत. बाकीची शेकडो नावं यांच्याच मुलीबाळी.

यातला आपल्याला सर्वांत ओळखीचा टाका रुखवतात आहे. मण्यांनी मढवलेले नारळ आणि सुपाऱ्या, दारावरची तोरणं, ताटाभोवतीची महिरप, मण्यांचे मोर. हे सगळं करणाऱ्या बायका तंगूस घेतात, त्याच्या मध्यावर एक मणी ठेवतात, दोन्ही टोकांत एकेक मणी घालतात आणि चौथ्या मण्यातून दोन्ही टोकं समोरासमोर काढून ओढतात. चार मण्यांची एक चौकट होते, तिला लागून पुढची, मग त्याच्या पुढची. सुई नाही, आकृती नाही, एकीचं पाहून दुसरीनं शिकलेलं. दागिन्यांच्या जगात ज्याला राइट अँगल वीव्ह म्हणतात, ती रचना हीच. फरक इतकाच की तिथे दोन टोकांऐवजी एकच सुई चालते : एक चौकट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरून पुरी करायची, पुढची उलट दिशेनं. पहिल्या चौकटीला चार मणी लागतात, पुढच्यांना तीन, कारण एक बाजू आधीची असते. वरची ओळ सुरू झाली की बहुतेक चौकटींना दोनच पुरतात. दोरा एका मण्यातून निघून समोरच्या मण्यात सरळ कधी जात नाही, प्रत्येक वेळी काटकोनात वळतो. या वळणांमुळेच मण्यांचं कापड मऊ पडतं आणि गळ्याच्या उतारावर छान बसतं. तीच चौकट तळ, चार भिंती आणि झाकण अशी घनाकार केली की पोकळ असूनही आकार न सोडणारी दोरी तयार होते. ज्यांच्या घरात रुखवताची मण्यांची कामं झाली आहेत, त्या वाचकांनी हे पुस्तक चौथ्या प्रकरणापासून वाचायला घेतलं तरी चालेल. त्यांच्या हातांना पुष्कळ काही आधीच येतं.

सौराष्ट्रातलं मोती भरतही असंच मण्याला मणी जोडून होतं. एकोणिसाव्या शतकात व्हेनिसचे काचमणी पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांमार्फत काठेवाडात पोचले. तिथल्या बायकांनी त्यातून तोरणं, चाकळे, डोक्यावर घागर टेकवायच्या चुंबळी, नारळाची आवरणं केली. पांढऱ्या अपारदर्शक मण्यांची जमीन आणि तिच्यावर रंगीत पोपट, हत्ती, घोडेस्वार. आधी मण्यांचं कापड पुरं होतं, मग त्याला मागून अस्तर लागतं. एखाद्या संग्रहालयात असा तुकडा पाहायला मिळाला, तर अस्तर उसवलेला कोपरा शोधून तिथे दोरा कसा वळलाय ते जरूर पाहावं. पुस्तकी आकृत्यांपेक्षा तो कोपरा जास्त शिकवतो.

पेयोट आणि ब्रिक हे दोन टाके मी मुद्दाम जोडीनं शिकवते आणि या पुस्तकातही त्यांना सर्वांत जास्त पानं दिली आहेत. पेयोटची सुरुवात अशी : सम संख्येचे मणी ओवायचे, समजा दहा. मग अकरावा मणी घ्यायचा, दहावा सोडायचा आणि नवव्यातून सुई परत न्यायची. बारावा घ्यायचा, आठवा सोडायचा, सातव्यातून जायचं. असं टोकापर्यंत गेलं की पहिल्या दहा मण्यांच्या आपोआप दोन ओळी झालेल्या असतात. निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात आणि वर दात पडतात. इथून पुढे प्रत्येक नवा मणी दोन दातांमधल्या खाचेत बसतो. पहिल्या तीन ओळी हातात वळवळतात, पिळतात, उलट्या होतात. इथेच बहुतेक जणी काम सोडून देतात. त्यांना मी एवढंच सांगते की पाचव्या ओळीपर्यंत थांबा; तिथे पट्टी आपली आपण सरळ होते.

ब्रिकमध्ये सुई खालच्या मण्यात जातच नाही. आधी मणी शेजारी शेजारी उभे जोडून शिडी करायची. दोन मण्यांच्या डोक्यावर दोऱ्याचा एक छोटा पूल दिसतो. नवा मणी ओवायचा, सुई त्या पुलाखालून काढायची आणि त्याच नव्या मण्यातून पुन्हा वर आणायची. मणी पुलाला अडकून उभा राहतो. ओळीच्या आरंभी मात्र दोन मणी एकदम घ्यावे लागतात, नाहीतर कडेला दोरा उघडा दिसतो. या टाक्यात दर ओळीला एक मणी कमी करणं अगदी सोपं आहे, म्हणून त्रिकोण आणि चौफुल्या झटकन होतात. वर त्रिकोण आणि खाली मण्यांची लांब झालर असलेली कानातली सगळीकडे दिसतात, त्यांतला त्रिकोण बहुधा ब्रिकचाच असतो.

आता पुऱ्या झालेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा आणि एक नव्वद अंशांत फिरवा. दोन्ही हुबेहूब एकसारख्या दिसतील, विटांच्या भिंतीसारखे अर्ध्या अर्ध्या मण्यानं सरकलेले थर. रंगांचा नमुनाही तोच. पण पेयोटच्या पट्टीची दोन टोकं जवळ आणली की एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि सुईच्या एका फेरीत पट्टीची नळी होते, जोड कुठे ते सापडतही नाही. ब्रिकच्या पट्टीला कडेनं दोऱ्याचे पूल असतात. त्यांत झालर अडकवता येते, कडी अडकवता येते, दुसरा तुकडा जोडता येतो. डोळ्यांना जे एक दिसतं ते हाताला दोन वेगळ्या वस्तू म्हणून कळतं. मला या पुस्तकातून वाचकाला एकच गोष्ट द्यायची परवानगी मिळाली असती, तर मी या दोन पट्ट्या दिल्या असत्या.

हेरिंगबोन या टाक्याला एंडेबेले असंही म्हणतात, दक्षिण आफ्रिकेतल्या त्या समाजाच्या स्त्रियांच्या मणीकामावरून. यात मणी नेहमी जोडीनं येतात. जोडी ओवून खालच्या जोडीच्या दुसऱ्या मण्यातून उतरायचं आणि शेजारच्या जोडीच्या पहिल्या मण्यातून वर यायचं. प्रत्येक जोडी किंचित कलते, उभ्या रांगा पडतात आणि कापडाला रेशमासारखी लव येते. हाच टाका गोल फिरवला की गळ्यात रुळणारी सुंदर दोरी होते. गोल कामात प्रत्येक फेरीच्या शेवटी सुई नव्या फेरीच्या पहिल्या मण्यातून वर चढवावी लागते. ही पायरी चुकली तर दोरी पिळत जाते. कधी तो पीळ हवासाही असतो, पण तो ठरवून यावा.

स्क्वेअर टाक्यात मणी उभ्या-आडव्या रांगांत नीट बसतात, मागावर विणल्यासारखे दिसतात. काम संथ आणि भक्कम. जाळीचा टाका याच्या उलट, भराभर वाढणारा. युक्रेनच्या सिल्यांका नावाच्या रुंद गळपट्ट्या अशा जाळीच्या असतात. या दोन टाक्यांवर मी थोडक्यात लिहिलं आहे. पेयोट आल्यावर ते समजायला वेळ लागत नाही.

टाके एकत्र येतात तेव्हा दागिना घडतो आणि त्यातला मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे मण्यांचं कोंदण. सोनार खड्याभोवती धातू वळवतो. इथे खड्याला मणीच धरतात. १४ मिलिमीटरच्या गोल काचखड्यासाठी साधारण ३६ नळीदार मण्यांचं कडं ओवतात, पेयोटच्या दोनेक फेऱ्या घालतात, मग १५ नंबरचे बारीक मणी घेऊन वर्तुळ आत ओढत नेतात. लहान मण्यांमुळे घेर आवळतो आणि खड्याची मागची बाजू बंद होते. खडा उलटा करून पुढच्या बाजूनं तेच. चिकटवायला काही लागत नाही. मण्याचा आकार बदलून कापडाला वळण देता येतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

साहित्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शिकणाऱ्यांची बरीच निराशा हाताच्या कमकुवतपणातून येत नाही, साहित्यातून येते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात मणी किलोवर, पुड्यांत आणि लडींवर मिळतात : चीड, कटदाणा, नळीमणी, काळी पोत. भरतकामाला ते उत्तम आहेत. पण एकाच पुडीत जाड, बारीक, तिरपे कापलेले मणी मिसळलेले असतात आणि पेयोटसारख्या टाक्यात एक जाड मणी अख्खी ओळ वाकवतो. म्हणून आधी निवडून घ्यायचं. आपण तांदूळ निवडतो त्याच सवयीनं ताटात मणी पसरावेत आणि एकसारखे वेगळे काढावेत. जाडे फेकू नका, वळण वाढवायचं तिथे ते कामी येतात. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कारखान्यांनी अगदी एकसारखे मणी करण्याचं तंत्र पक्कं केलं. तिथल्या मियुकीच्या डेलिका या नळीदार मण्यांचा व्यास १.६ मिलिमीटर, लांबी १.३ आणि भोक तब्बल ०.८. एका ग्रॅममध्ये साधारण २०० मणी बसतात. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सचे गोल मणी किंचित असमान पण उबदार दिसतात. हेरिंगबोनमध्ये ते मला अधिक आवडतात. नंबर वाढत जातो तसा मणी लहान होतो : ६ नंबरचा सुमारे चार मिलिमीटर, ८ चा तीन, ११ चा दोन, १५ चा दीड.

आपल्या देशातही ओढकाचेचे मणी करण्याची परंपरा फार जुनी आहे. तिरुपतीजवळच्या पापनायडुपेटला भट्टीतून वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे मणी कापण्याचं काम चालत आलं आहे. दक्षिण भारतातले असे मणी प्राचीन काळी समुद्रमार्गे आग्नेय आशियापर्यंत गेले होते. मंगळसूत्रातली काळी पोत ओवताना हे मनात असावं असं मला वाटतं.

रंगाची खात्री आधी करा. काही मण्यांना रंग फक्त वरून दिलेला असतो. चार मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात रात्रभर ठेवा. रंग उतरला तर त्यांचा दागिना करू नका. सोनेरी-चंदेरी मुलामा घामानं जातो आणि कोकणात, मुंबईत तर लवकरच. काचेच्या अंगातच रंग असलेले मणी सर्वांत टिकाऊ.

दोऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे : अंगावर घालायच्या दागिन्याला तंगूस वापरू नये. रुखवतातला नारळ जागेवर बसलेला असतो, त्याला तंगूस चालतो. गळ्यातलं मात्र वळतं, ताणलं जातं, घामात भिजतं. तंगूस तिथे कालांतरानं कडक होतो आणि वळणावर तुटतो. बारीक नायलॉनचा पिळाचा दोरा घ्या आणि त्याला मधमाशीचं मेण लावा. खड्यांच्या धारदार भोकांसाठी मासेमारीचा विणीचा दोरा, फायरलाइनसारखा, घ्या. सुई १० किंवा १२ नंबरची. एका वेळी वावभर दोरा पुरे. जास्त घेतला तर गुंता सोडवण्यातच वेळ जातो. दोरा संपला की गाठ मारून थांबू नका. जोडलेल्या मण्यांतूनच, टाक्याच्या मूळ वाटेनं, सुई मागे फिरवत टोक लपवा. भोक भरलेलं वाटलं तर सुई रेटू नका; मणी फुटतो आणि मधला फुटलेला मणी बदलणं जिकिरीचं असतं.

टाका उसवायची वेळ सगळ्यांवर येते. तेव्हा सुई उलट्या दिशेनं मण्यांतून मागे नेऊ नये, ती आधीच्या दोऱ्यालाच भोसकते. सुई काढून ठेवावी आणि दोरा एकेक मण्यातून हळूच ओढून घ्यावा. ओढण्याचा जोर हा कुठल्याच आकृतीत दाखवता येत नाही. दागिना ताठ हवा की लोंबता, त्यावर तो ठरतो आणि प्रत्येक हाताचा तो वेगळा असतो. म्हणून एका दागिन्याचं काम दोघींनी वाटून घेऊ नये, असं मी शिकवत आले आहे.

टाक्यांची नावं मी बदलली नाहीत, कारण जगभरचे नमुने त्याच नावांनी छापले जातात. पेयोट हे नाव अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या धार्मिक विधींशी जोडलेलं आहे आणि काही जण त्याऐवजी गोर्ड टाका म्हणतात. ही कला ज्यांच्याकडून आली त्यांचं नाव घ्यावं, इतकी साधी अपेक्षा आहे. अमेरिकी कलावंत जॉइस स्कॉट १९७६ मध्ये मेन राज्यातल्या हेस्टॅक या कलाशाळेत पेयोट टाका शिकल्या. पुढे त्यांनी याच टाक्यातून गळ्यातली केली, आकृतिशिल्पं केली, वंशद्वेष आणि हिंसा या विषयांना हात घातला. २०१६ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. मणीकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांची कामं पाहावीत.

आपल्याकडे हा समज किमतीत दिसतो. बचत गटांच्या प्रदर्शनांत मण्यांचे दागिने पुष्कळदा मण्यांच्या किमतीला विकले जातात. बसलेल्या तासांचा हिशेब कुणी करत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी त्या दागिन्याला लागणाऱ्या वेळाचा अंदाज दिला आहे. तो वेग मोजण्यासाठी नाही, मजुरी लावण्यासाठी आहे. विकणार असाल तर साहित्य आणि मजुरी हे दोन आकडे वेगळे लिहा आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पहिल्या पट्टीसाठी ८ नंबरचे मणी घ्या, ११ चे नकोत. दोन रंग घ्या, एकमेकांपासून लांबचे, पांढरा आणि निळा चालेल. सुरुवातीच्या दहा मण्यांत एक आड एक दोन्ही रंग ओवा आणि मग एक ओळ पांढरी, एक निळी करत जा, म्हणजे कुठली ओळ कुठे बसली ते दिसत राहील. पहिल्या आठवड्यात नमुना, नक्षी, खडे यांच्या वाटेला जाऊ नका. ताटात मऊ कापड पसरा म्हणजे मणी उड्या मारत नाहीत. काळ्या पोतीचं काम पेयोट आणि ब्रिक दोन्ही हाताला आल्यावर, आणि तेही दिवसाउजेडी.